स्मृतिपुरस्कार सुरू करायचाय? सभागृह सगळ्यात शेवटी ठरवा

घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या सुमाराला कुणीतरी म्हणतं, "यांच्या नावानं शाळेत एखादा पुरस्कार ठेवू या." सगळ्यांना पटतं. पुढच्याच आठवड्यात हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहाच्या मोकळ्या तारखा विचारून होतात, स्मृतिचिन्हाचे नमुने घरी येतात, पाहुणा कोण यावर दोन संध्याकाळी जातात. पुरस्कार नक्की कशासाठी, हे मात्र पत्रिका छापायला देताना ठरतं. कुणीतरी सुचवतं : नेतृत्व, श्रद्धा आणि चिकाटी. शब्द चांगले असतात. मग कार्यक्रमाच्या दिवशी तो पुरस्कार दहावीत पहिल्या आलेल्या मुलीला जातो, कारण तेवढी एकच गोष्ट पटकन ठरवता येते. तिला त्याच व्यासपीठावर आधीच चार बक्षिसं मिळालेली असतात. तिसऱ्या वर्षी पुरस्कार बंद पडतो.

मी सोलापुरात शिक्षिका म्हणून अशा निवड समित्यांवर बसले आहे, आणि माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पांच्या नावाचा पुरस्कार आमचं घर चालवतं. चुका दोन्हीकडून पाहिल्या, काही आम्हीच केल्या. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं : कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमानं दिलेत, त्याच क्रमानं जा.

टप्पा १ : आधी माणूस कागदावर उतरवा

घरातले चार-पाच जण एका दुपारी बसा. गेलेल्या माणसाचे प्रसंग लिहा, विशेषणं नकोत. 'मनमिळाऊ', 'धर्मपरायण', 'जिद्दी' हे शब्द आले की खोडा आणि विचारा, "म्हणजे त्यांनी काय केलं?"

आम्ही बसलो तेव्हा आप्पांचे तीन प्रसंग उरले. ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल आणि कामगारांवर देखरेख करणारे, होते. एका कामगाराचा हात मागात सापडला, तेव्हा मालकाची वाट न बघता त्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पुढं पंधरा दिवस आपलं काम सांभाळून त्याचा मागही चालवला, त्याची मजुरी बुडू नये म्हणून. दर सोमवारी ते सिद्धेश्वराला जायचे. दर्शन घेऊन झालं की कुणाला न सांगता पायऱ्या झाडायचे. हे आम्हाला ते गेल्यावर देवळात भेटलेल्या एका माणसाकडून कळलं. आणि वयाच्या ४१ व्या वर्षी ते रात्रशाळेतून दहावी झाले, गणितात दोनदा नापास होऊन.

हे तीन प्रसंग म्हणजेच पुढच्या सगळ्या कामाचा पाया. निकष, अर्जातले प्रश्न, मुलाखत, व्यासपीठावर काय बोलायचं, सगळं इथूनच निघतं.

तपासा : कागदावर निदान तीन प्रसंग आहेत का, ज्यात कृती आहे? नसतील तर पुढं जाऊ नका. जुन्या मित्रांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना फोन करा.

टप्पा २ : तीन शब्दांना पाय द्या

नेतृत्व, श्रद्धा, चिकाटी हे शब्द जसेच्या तसे निकष म्हणून चालत नाहीत. प्रत्येकाचा वेगळा अर्थ घेतात. प्रत्येक शब्दाखाली "आम्ही याचा अर्थ असा घेतो" असं दोन-तीन ओळींत लिहा.

*नेतृत्व.* शाळेला हा शब्द दिला की वर्गमंत्री, कबड्डीचा कप्तान आणि स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करणारी मुलगी एवढीच नावं येतात. ती वाईट नाहीत, पण ती सगळी शाळेच्या आवारातली आहेत. आमच्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी चाळीतल्या घागरींची रांग भांडण न होता लावणारा नववीतला मुलगाही नेतृत्वच करत असतो. एका वर्षी मी एका विडी कामगाराच्या घरी गेले होते. आईच्या मांडीवर सूप, हात विड्या वळतोय. शेजारी मुलगी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं पान कापतेय, नजर माझ्याकडं पण कात्री बरोबर कडेनं चाललेली. मी विचारलं, हिनं कधी काही पुढाकार घेतलाय का? आई म्हणाली, "ती काय पुढारी नाही ओ मॅडम. गल्लीतल्या सहा पोरींना सकाळी दारात जाऊन उठवती अन् शाळेला नेती. ही नाही गेली तर त्या बी जात नाहीत." अर्जात यातलं एक अक्षरही नव्हतं. तेव्हापासून आमच्या निकषात वाक्य आहे : 'ज्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी पाऊल पुढं पडलं.'

*श्रद्धा.* सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. एका टोकाला, श्रद्धा म्हणजे आपल्या घरचा धर्म असं धरून स्तोत्रपठण घेतलं जातं. दुसऱ्या टोकाला, वाद नको म्हणून तो शब्दच काढून 'मूल्यनिष्ठा' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं जातं. दोन्ही चूक. गेलेलं माणूस श्रद्धाळू होतं तर ते लपवायचं कशाला? पण निवड करताना श्रद्धा कुणावर आहे हे विचारायचं नाही, तिच्यासाठी काय केलं हे विचारायचं.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीतला नंदीध्वज, म्हणजे उंच काठीचा ध्वज, पेलायचा सराव करणारा मुलगा, रोजा धरून मैदानावर धावण्याचा सराव न चुकवणारी मुलगी, आषाढीला दिंडीतल्या वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून देणारा मुलगा, आणि देवाबद्दल काही न बोलता अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या आजोबांना रोज पेपर वाचून दाखवणारा मुलगा, हे चौघंही या निकषात बसले पाहिजेत. आमचं वाक्य असं आहे : 'ज्यावर विश्वास आहे त्यासाठी, कुणी बघत नसताना, नियमानं केलेलं काम.' देवळाच्या पायऱ्यांवरून ते सुचलं.

सावधान : राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर ही संमती पालकांची लागते. म्हणून प्रार्थना, पूजा, पठण यांतलं काहीही पुरस्काराची अट करू नका.

*चिकाटी.* छापील नियमांत सर्रास एक ओळ असते : 'विद्यार्थी प्रथम प्रयत्नात उत्तीर्ण असावा.' दुसऱ्या पुरस्कारांच्या नियमावलीतून ती उचललेली असते. आमच्याही पहिल्या मसुद्यात होती. माझ्या पुतण्यानं मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "आत्या, या अटीत आप्पाच बसत नाहीत." ती ओळ ताबडतोब काढली. पुरवणी परीक्षेत गणित सोडवून आलेल्या मुलाला चिकाटीच्या पुरस्कारातून वगळायचं, तर तो पुरस्कार चिकाटीचा राहत नाही. गुणांची किमान अट घालायचीच असेल तर 'उत्तीर्ण' एवढीच घाला. चिकाटी शोधायला टक्केवारीपेक्षा हजेरीपट जास्त उपयोगी पडतो.

तपासा : ज्यांच्या नावानं पुरस्कार आहे ते स्वतः विद्यार्थी असते तर या निकषांत बसले असते का?

टप्पा ३ : पैशाचं गणित

"दर वर्षी आम्ही देत जाऊ" हे मनापासून म्हटलेलं असतं, पण टिकत नाही. मुलं पुण्याला जातात, एखाद्या वर्षी घरात लग्न असतं, एखाद्या वर्षी आजारपण. ठेव ठेवा आणि व्याजातून पुरस्कार द्या.

बँकेचा दर बदलत असतो. हिशोबापुरता साडेसहा टक्के धरू. १,००,००० रुपयांच्या ठेवीवर वर्षाला ६,५०० येतील. त्यात १०,००० चा पुरस्कार जाहीर केला तर पहिल्याच वर्षी मुद्दल खायला सुरुवात होते. २,५०,००० ठेवले तर १६,२५० येतात. त्यातले १०,००० विद्यार्थ्याला, २,५०० पर्यंत छपाई आणि कार्यक्रमाला, उरलेले ३,७५० परत मुद्दलात. ही शेवटची रक्कम वगळू नका. महागाई वाढते, आजचे दहा हजार दहा वर्षांनी दहा हजारांएवढे वाटणार नाहीत. एवढे पैसे नसतील तर पुरस्काराची रक्कम लहान ठेवा. ५,००० रुपये पंधरा वर्षं मिळाले तर पंधरा मुलांना मिळतील.

ठेव कुणाच्या नावावर, यात दोन चुका होतात. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या नावावर ठेवली की त्यांच्यानंतर वारसाच्या कागदपत्रांत अडकते. मुख्याध्यापकांच्या हातात दिली की बदली किंवा निवृत्तीबरोबर हिशोब विस्कटतो. ठेव शिक्षणसंस्थेच्या नावावर, पुरस्काराच्या उल्लेखासह ठेवा, पैसे धनादेशानं किंवा बँकेतून द्या आणि संस्थेची छापील पावती घ्या. संस्थेकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर मान्यता आहे का, हे आधी विचारा; ती असेल तर देणगी देणाऱ्याला करात सवलत मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावटच नसते.

टप्पा ४ : शाळेशी लेखी ठरवा

तोंडी बोलण्यावर विसंबू नका, माणसं कितीही ओळखीची असोत. एका शाळेत एका कुटुंबानं ठेव दिली, मुख्याध्यापक निवृत्त झाले, नवे आले, आणि पुरस्काराची फाईल जुन्या कपाटात राहिली. दोन वर्षं पुरस्कार दिलाच गेला नाही. कुणाची नियत वाईट नव्हती. नव्या माणसाला माहीतच नव्हतं.

दोन पानी करारपत्र पुरतं. त्यात एवढं असू द्या : पुरस्काराचं पूर्ण नाव (स्पेलिंगसह, कारण प्रमाणपत्र इंग्रजीतही छापतात), ठेवीची रक्कम, व्याजाची विभागणी, टप्पा २ मधले निकष शब्दशः, निवड समितीत कोण, आणि कुटुंबातर्फे संपर्काला दोघं जण. त्यातला एक पुढच्या पिढीतला असावा. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली तर ठेव कुठं जाईल, हेही लिहा. एखाद्या वर्षी योग्य विद्यार्थी सापडला नाही तर पुरस्कार न देता व्याज मुद्दलात टाकायचं, हे कलम घालाच. ते नसलं की कुणाला तरी द्यायचं म्हणून दिला जातो.

या करारपत्राला संस्थेच्या बैठकीत मंजुरी घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या.

तपासा : ठरावाची प्रत तुमच्या हातात येईपर्यंत रक्कम देऊ नका.

टप्पा ५ : अर्ज

पहिल्या वर्षी आमच्या अर्जात प्रश्न होता : 'आपल्या नेतृत्वगुणांविषयी माहिती लिहा.' एकाच वर्गातून आलेल्या अकरा अर्जांत जवळजवळ तोच निबंध होता, अगदी 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे' या वाक्यासकट. दोष मुलांचा नव्हता. असा प्रश्न विचारला की मूल निबंधच लिहितं.

आता आम्ही असं विचारतो : 'या वर्षात तुमच्यामुळे कुणाचं कोणतं काम झालं? त्या व्यक्तीचं तुमच्याशी नातं काय?' 'असं कोणतं काम आहे जे तुम्ही निदान सहा महिने नियमानं करताय? ते कधी चुकलं, आणि चुकल्यावर काय केलंत?' 'कोणत्या गोष्टीत तुम्हाला अपयश आलं? त्यानंतरच्या महिन्यात तुम्ही काय केलंत?' चुकल्याचा प्रश्न मुद्दाम ठेवा. खरं काम करणाऱ्याला त्याचं उत्तर लगेच सुचतं.

अर्ज एक पान, पाठपोट. हातानं लिहिलेला. मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत लिहायची मुभा द्या. कन्नड, तेलुगू किंवा उर्दू वाचणारं माणूस सोलापुरात शोधावं लागत नाही. शिफारस वर्गशिक्षकांचीच हवी अशी अट नको. क्रीडाशिक्षक, शाळेतले शिपाईमामा, शेजारी, जिथं मूल सुट्टीत काम करतं त्या दुकानाचे मालक, कुणीही लिहू दे. मला आजवर मिळालेली सगळ्यात नेमकी शिफारस एका शिपाईमामांनी सहा ओळींत लिहिली होती.

सावधान : उत्पन्नाचा दाखला मागू नका, जोवर पुरस्कार केवळ आर्थिक दुर्बलांसाठी नाही. तो काढायला पालकाची मजुरी बुडते, आणि या तीन निकषांशी त्याचा संबंध नाही.

टप्पा ६ : छाननी आणि मुलाखत

समिती तीन जणांची ठेवा : एक कुटुंबातला, एक शाळेतला, एक दोघांच्याही बाहेरचा. कुटुंबाचं बहुमत नको. ज्याच्या नात्यातलं मूल अर्जदारांत आहे, त्यानं त्या वर्षी बाजूला बसावं.

प्रत्येकानं अर्ज स्वतंत्र वाचून, एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. आम्ही नेतृत्वाला ३०, श्रद्धेला ३०, चिकाटीला ४० देतो. आधी चर्चा केली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सगळ्यांचं होतं. तिघांचे गुण मिळवून पहिल्या पाच जणांना मुलाखतीला बोलवा. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर काय करायचं, तेही आधीच लिहून ठेवा. आम्ही चिकाटीचे गुण बघतो.

मुलाखत पंधरा मिनिटांची, शाळेतच. आईवडिलांना बोलवायचं असेल तर त्यांची कारखान्यातली पाळी विचारून वेळ ठरवा. पहिला प्रश्न साधा ठेवा, "आज डब्यात काय आणलंय?" असा. टेबलाच्या पलीकडं तीन मोठी माणसं बसलेली असताना मुलाच्या तोंडून पहिलं वाक्य निघणं हेच अवघड असतं. मग अर्जातल्याच एका गोष्टीवर खोलात जा. "तू त्या सहा मुलींना शाळेत नेतेस. त्यातली सगळ्यात कोण उशीर करते?" खरं असेल तर चेहरा उजळतो आणि मूल थांबत नाही.

घरी जायचं झालं तर कळवून जा, दोघांनीच जा, आणि फोन खिशात ठेवा. घराचे फोटो काढायचे नाहीत.

तपासा : निकाल जाहीर करण्याआधी समितीच्या तिघांच्या सह्यांचं गुणपत्रक फाईलला लागलं का?

टप्पा ७ : तारीख आणि कार्यक्रम

आता सभागृह ठरवा. बहुतेकांना शाळेचं मैदान किंवा हॉल पुरतो, आणि तोच बरा, कारण मुलाचे वर्गमित्र समोर असतात.

पुण्यतिथीचाच आग्रह धरलात तर दोन अडचणी येतात. तिथीनं धरली तर दर वर्षी तारीख सरकते, आणि ती परीक्षेत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आली तर विद्यार्थीच नसतात. करारात महिना लिहा, दिवस नको. आमचं वेळापत्रक : अर्ज ऑगस्टमध्ये, म्हणजे पुरवणी परीक्षा देणारी मुलंही येतात, छाननी सप्टेंबरात, मुलाखती दिवाळीच्या सुट्टीआधी, कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जानेवारीचा मधला आठवडा टाळा. १२ जानेवारीला शहर आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करतं, लगेच संक्रांत आणि यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्तेही मिळत नाहीत आणि माणसंही.

कार्यक्रम एका तासात संपवा. पाहुण्यांचे सत्कार सुरुवातीला दहा मिनिटांत आटोपा. मुलाला पुरस्कार देताना समितीनं तयार केलेलं चार-पाच ओळींचं निवेदन वाचा आणि ते आधी त्या मुलाला आणि पालकांना दाखवून त्यांची संमती घ्या.

ही शेवटची गोष्ट मी कळकळीनं सांगते. एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं मुलीच्या कौतुकाच्या भरात तिच्या वडिलांचं व्यसन, आईची मजुरी, घरावरचं कर्ज सगळं माइकवरून सांगितलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मुलगी स्मृतिचिन्ह छातीशी धरून उभी होती आणि खाली बघत होती. फोटोवाल्यानं तीनदा सांगूनही तिनं मान वर केली नाही. मी समितीवर होते आणि निवेदन आधी वाचायला मागितलं नव्हतं. मुलानं काय केलं ते सांगा. घरात काय नाही ते सांगू नका.

टप्पा ८ : पैसे हातात पडेपर्यंत

व्यासपीठावर दिलेला मोठा पुठ्ठ्याचा धनादेश बँकेत चालत नाही. खरी रक्कम मुलाच्या खात्यात जमा करा. खातं नसेल तर मुलाखतीनंतर लगेच काढायला सांगा, कार्यक्रमानंतर नव्हे.

नावाचं स्पेलिंग पासबुकावरून घ्या. आपल्याकडं ही अडचण जास्त येते. तेलुगू आणि कन्नड आडनावं शाळेच्या दाखल्यावर एक तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या, पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेनं लिहिलेली असतात. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी. प्रमाणपत्र शाळेच्या नोंदीप्रमाणे आणि धनादेश पासबुकाप्रमाणे, असं ठरवून टाका. एका मुलाचा धनादेश दोनदा परत आला होता, फक्त एका जास्तीच्या अक्षरामुळं, आणि त्याच्या वडिलांच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलं.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत तीन कागद फाईलला लावा : रक्कम जमा झाल्याची नोंद, खर्चाच्या पावत्या, आणि ज्यांना पुरस्कार मिळाला नाही त्या अर्जदारांना पाठवलेल्या पत्राची प्रत. हे पत्र कुणी पाठवत नाही. चार ओळी पुरतात : तुमचा अर्ज आम्ही पूर्ण वाचला, त्यातली अमुक गोष्ट आम्हाला आवडली, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकता. 'अमुक' च्या जागी प्रत्येकाच्या अर्जातली खरी गोष्ट लिहा. मागच्या वर्षी आमच्या पुरस्काराला ज्या मुलाची निवड झाली, त्यानं मुलाखतीला येताना आदल्या वर्षीचं ते पत्र घडी घालून कंपासपेटीत आणलं होतं.